दोघांसाठी बेट निवडताय? नाव सगळ्यात शेवटी ठरवा

ओळखीतलं कुठलंही जोडपं समुद्राकाठी सुट्टीला निघालं की मला फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "मालदीव बरं पडेल की बाली?" मी उलट विचारते, "कुठल्या महिन्यात निघताय? आणि दोघांपैकी पाण्यात उतरणारं कोण?" समोरचं माणूस जरा गोंधळतं. त्याला एक नाव हवं असतं आणि मी इतक्यात नाव सांगायला तयार नसते. आधी तुम्ही दोघं, मग महिना, मग बेटाची बाजू, मग त्या बाजूचं पाणी, या क्रमाने गेलं की नावं आपोआप दोन-तीनांवर येतात. त्यातलं मग कुठलंही घ्या.

मला समुद्राचं वेड आहे. मास्क लावून पाण्यात तोंड घातलं की बाहेर यावंसं वाटत नाही. माझ्या नवऱ्याला पोहता येत नाही आणि शिकायचंही नाही. त्याला चालायला आवडतं, बंदरावर जाऊन होड्या बघायला आवडतं, अनोळखी माणसांशी गप्पा मारायला आवडतं. आमची प्रत्येक सुट्टी म्हणजे या दोन माणसांची सोय एका किनाऱ्यावर बसवणं. खाली लिहिलेलं बरंचसं त्यातूनच आलंय.

आधी दोन कागद

दोघांनी वेगवेगळे बसा आणि तिथला एक दिवस लिहून काढा. कधी उठणार, सकाळ कुठे जाणार, भर दुपारी काय करणार, संध्याकाळी कुठे बसणार. एकमेकांचं बघून लिहू नका. "निवांत", "शांत", "रोमँटिक" असले शब्द टाळा, कारण ते दोघंही लिहितात आणि दोघांच्या मनात वेगळं काही असतं. एकाला शांत म्हणजे आसपास माणूस नको असतं, दुसऱ्याला शांत म्हणजे फक्त ऑफिसचा फोन नको असतो. पहिल्याला माणसांपासून दूर एकटं बेट चालेल. दुसरा तिथे तिसऱ्या दिवशी कंटाळून जाईल, कारण मालदीवमधलं रिसॉर्टचं बेट पुष्कळदा पंधरा-वीस मिनिटांत चालून संपतं.

कागद समोरासमोर ठेवले की प्रत्येकाने एकच गोष्ट निवडायची, जिच्याशिवाय गेल्यासारखं वाटणार नाही. फक्त एक. बाकीचं जमलं तर जमलं. एका मैत्रिणीची गोष्ट होती "खोलीतून उठून थेट पाण्यात" आणि तिच्या नवऱ्याची "रोज काहीतरी नवीन बघायला". त्यांना मी सेशेल्समधलं ला दिग सुचवलं. लहानसं बेट आहे, लोक सायकलवर फिरतात, रोज वेगळा किनारा गाठता येतो. समोरचं प्रालँ बोटीने पंधरा मिनिटांवर आहे. तिथल्या व्हॅली द मे जंगलात कोको द मेरची झाडं उभी आहेत, ज्यांचं बी जगातलं सगळ्यात मोठं. १९८३ पासून हे जंगल युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिला पाणी मिळालं, त्याला पायाखाली रस्ता मिळाला.

दोघांच्या गोष्टी एका बेटावर बसतच नसतील तर सुट्टीचे दोन भाग करा, पण चार रात्रींच्या सुट्टीत हा खटाटोप करू नका. सामान बांधण्या-सोडण्यातच दिवस जातो.

महिना आणि वारा

लोक पाऊस बघतात. मी वारा बघते. उष्ण प्रदेशातला पाऊस अनेकदा तासभर कोसळतो आणि थांबतो, त्याने दिवस वाया जात नाही. पण वारा किनाऱ्यावर समोरून येत असेल तर दिवसभर लाटा, गढूळ पाणी, वाहून आलेलं शेवाळ, आणि होडी रद्द. हवामानाच्या तक्त्यात मिलीमीटर बघून फारसं कळत नाही. त्या महिन्यात वारा कुठल्या दिशेने वाहतो आणि तुमचा किनारा कुठल्या दिशेला तोंड करून आहे, एवढं बघितलं की अर्धं काम झालं.

फिलिपिन्समधलं बोराकाय हे याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. बेट मध्ये इतकं अरुंद आहे की एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर चालत जाता येतं. पश्चिमेला व्हाइट बीच, पूर्वेला बुलाबोग. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल ईशान्येचा वारा असतो, त्याला तिथले लोक 'आमिहान' म्हणतात. तेव्हा व्हाइट बीचवरचं पाणी बशीत ओतल्यासारखं सपाट असतं आणि बुलाबोगवर काइटसर्फिंगवाल्यांची गर्दी असते. जूननंतर नैर्ऋत्येचा 'हबागात' सुरू झाला की चित्र उलटं. लाटा व्हाइट बीचवर येतात. बेट तेच, हॉटेल तेच, आणि एकाला ते स्वर्ग वाटतं तर दुसरा पाण्यात पाय न घालता परत येतो.

थायलंडला दोन किनारे आहेत आणि त्यांचे ऋतू वेगळे आहेत. अंदमान समुद्राच्या बाजूचं फुकेत, क्राबी, को लांता नोव्हेंबर ते एप्रिल उत्तम. आखाताच्या बाजूच्या को समुईला सगळ्यात जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये होतो. श्रीलंकेतही तसंच आहे: दक्षिण आणि नैर्ऋत्य किनारा डिसेंबर ते मार्च, त्रिंकोमाली आणि अरुगम बेचा पूर्व किनारा एप्रिल ते सप्टेंबर. मलेशियात लंकावी पश्चिमेला आणि पेऱ्हेंतियन पूर्वेला. पेऱ्हेंतियनमधली बहुतेक हॉटेलं ईशान्य मोसमी वाऱ्याच्या महिन्यांत कुलूप लावूनच बसतात.

म्हणून ज्यांना रजा फक्त जुलै-ऑगस्टमध्ये मिळते त्यांनी निराश व्हायचं कारण नाही. फुकेत सोडा. समुई, पेऱ्हेंतियन, त्रिंकोमाली किंवा बाली बघा. बालीचा कोरडा काळ एप्रिल ते ऑक्टोबर असतो. डिसेंबर ते मार्चमध्ये मात्र बालीच्या पश्चिमेकडच्या कुटा, सेमिन्याक किनाऱ्यांवर वाऱ्याबरोबर समुद्रातला कचरा येऊन पडतो. त्या दिवसांत जायचंच असेल तर पूर्वेकडचं सानुर किंवा नुसा दुआ बरं. आणि साधारण मार्चमध्ये येणारा न्येपीचा दिवस तपासून घ्या. त्या दिवशी २४ तास विमानतळ बंद असतो, रस्त्यावर आणि किनाऱ्यावर कुणी जायचं नसतं, पर्यटकांनीही हॉटेलातच राहायचं. मला तो दिवस तिथे घालवायला आवडेल, पण त्याच तारखेचं परतीचं तिकीट काढण्यात अर्थ नाही.

सेशेल्समध्ये मे ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा असतो. हवा कोरडी आणि सुखद, पण ला दिगच्या ग्रँड आन्सवर तेव्हा लाटा आणि ओढ जोरात असते. तो किनारा बघावा, पाण्यात उतरू नये. त्याच दिवसांत प्रालँच्या वायव्येचा आन्स लाझिओ शांत मिळतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन वाऱ्यांच्या मधल्या दिवसांत समुद्र स्थिर असतो आणि पाण्याखाली लांबपर्यंत दिसतं. माझ्यासारख्या पाणवेड्यांनी हेच दिवस धरावेत.

हवाईच्या मोठ्या बेटावर पूर्वेच्या हिलोत वर्षाला ३००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पश्चिमेचा कोहाला किनारा जवळजवळ कोरडा असतो. मध्ये ज्वालामुखीचे डोंगर आहेत, ते ढग अडवतात. ज्या बेटावर उंच डोंगर आहे तिथे वाऱ्याची बाजू आणि आडोशाची बाजू हा फरक कायम शोधा. मालदीवसारख्या सपाट प्रवाळ बेटांना असा आडोसाच नाही. तिथे बेटापेक्षा महिना महत्त्वाचा: डिसेंबर ते एप्रिल शांत, मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्येचा वारा. पण बा अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) हनिफारूच्या खाडीत मांटा रे, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे, जमतात ते याच दुसऱ्या काळात. तुमच्या कागदावर 'मांटा' असेल तर पावसाचेच महिने तुमचे.

चक्रीवादळांबद्दल थोडक्यात. मॉरिशसला नोव्हेंबर ते एप्रिल, कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्टअखेर ते सप्टेंबर कठीण. अरुबा, बोनेर, क्युरासाव ही बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहेत. विषुववृत्तापासून साधारण ५ अंशांच्या आत वादळं सहसा तयार होत नाहीत. वादळाच्या मोसमात स्वस्त मिळतंय म्हणून जायचं असेल तर रद्द करायची मुभा आणि विमा, दोन्ही लागतात.

ओहोटीचं कुणी सांगत नाही

जाहिरातीतला प्रत्येक फोटो भरतीच्या वेळी काढलेला असतो. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर, पाजे किंवा जांबियानीला, भरती-ओहोटीतला फरक उधाणाला तीन-चार मीटरपर्यंत जातो आणि तळ इतका उथळ आहे की ओहोटीला पाणी किलोमीटरभर मागे सरतं. होड्या वाळूवर कलंडून पडतात. जिथे सकाळी पाणी होतं तिथे खुंट्यांना दोऱ्या बांधलेली समुद्री शेवाळाची शेतं उघडी पडतात आणि बायका त्यात वाकून काम करत असतात. मधल्या डबक्यांत घोट्याएवढं कोमट पाणी, त्यात तारामासे आणि काळे काटेरी सी अर्चिन. पायात रबरी बूट नसेल तर काटा मोडलाच समजा. मला हे दृश्य अतिशय प्रिय आहे, माझ्या नवऱ्याला तर त्याहून जास्त, कारण समुद्राच्या तळावरून चालायला मिळतं. पण ज्या जोडप्याच्या कागदावर "दिवसभर पोहणं" आहे त्यांनी उत्तरेच्या नुंगवी किंवा केंद्वाला जावं. तिथे तळ लवकर खोल होतो, ओहोटीलाही पोहता येतं.

जाण्याआधी तिथलं भरतीचं वेळापत्रक इंटरनेटवर बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे भरतीही मोठी आणि ओहोटीही लांब. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी पोहायला मिळालं तर आठवड्याने त्याच वेळी चिखल असू शकतो. चांदण्या रात्रीच्या हौसेने लोक पौर्णिमा गाठतात. गाठावी, फक्त त्या दिवसांत मोठ्या ओहोटीची तयारी ठेवावी. याच्या उलट ताहितीत भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर असतो आणि भरती रोज दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या सुमारालाच येते. मालदीवमध्येही फरक मीटरभराच्या आतच.

पाणी वरून वाचायला शिका

हॉटेलच्या वेबसाइटवर जाण्याआधी मी गुगल मॅप्सचा उपग्रहाचा नकाशा उघडते. फिका फिरोजा रंग म्हणजे वाळूचा उथळ तळ. तपकिरी-हिरवट, चट्ट्यापट्ट्यांचा भाग म्हणजे प्रवाळ किंवा समुद्री गवत. त्यापलीकडे एकदम गडद निळा सुरू होतो, तिथे प्रवाळाची भिंत खोलात उतरते, आणि मासे बघायचे तर याच कडेवर. किनाऱ्यापासून ती कड किती दूर आहे ते नकाशावरच मोजता येतं. पन्नास मीटरवर असेल तर मास्क लावून न्याहारीआधी जाऊन येता येईल. चारशे मीटरवर असेल तर प्रत्येक वेळी होडी.

मालदीवमध्ये ही निवड फार स्पष्टपणे करावी लागते. रुंद फिरोजा लगून (प्रवाळाच्या आतलं उथळ, संथ पाणी) आणि दारातच माशांनी भरलेलं हाऊस रीफ (बेटाला लागूनचं प्रवाळ) या दोन गोष्टी एका बेटावर क्वचितच मिळतात. रुंद लगूनमध्ये पाण्यावरच्या खोल्या देखण्या दिसतात, न पोहणाऱ्यालाही छातीभर पाण्यात निर्धास्त उभं राहता येतं, पण खाली बघाल तर नुसती वाळू. हाऊस रीफ जवळ असलेल्या बेटावर रोज रीफ शार्क आणि कासवं दिसायची शक्यता असते, पण किनारा अरुंद आणि पायाखाली खडबडीत. आमच्यासारख्या मिश्र जोडप्याने असं बेट शोधावं ज्याच्या एका बाजूला लगून आहे आणि दुसऱ्या बाजूला कड. उपग्रहाच्या नकाशावर ते दोन मिनिटांत दिसतं.

मॉरिशस मिश्र जोडप्यांना फार चांगलं, कारण बहुतेक बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे आणि आतलं पाणी संथ असतं. दक्षिणेला ग्री-ग्रीजवळ कडं तुटलंय, तिथे समुद्र थेट कड्यांवर आदळतो. तो फक्त बघायला. हिवाळ्यात, म्हणजे तिथल्या जून ते सप्टेंबरमध्ये, पूर्व किनाऱ्यावर वारा जोरात असतो, तेव्हा पश्चिमेकडे राहावं.

प्रवाळाची आजची स्थिती मात्र नकाशावरून कळत नाही. १९९८, २०१६ आणि २०२४ मध्ये समुद्र तापून जगभरात पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं. जुने फोटो बघून जाऊ नका, गेल्या मोसमात तिथे उतरलेल्या लोकांचे फोटो शोधा. कॅरिबियनमध्ये २०११ पासून सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ वसंत ते उन्हाळा या काळात पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर ढिगांनी येऊन सडतं. त्या महिन्यांत मेक्सिकोच्या तुलुमऐवजी कोझुमेलची पश्चिम बाजू, किंवा कुठल्याही बेटाचा पश्चिम किनारा बघा.

आणि एक गोष्ट दोघांनाही माहीत हवी. लाटांच्या रांगेत मध्येच एक गडद, सपाट पट्टा दिसला तर तो सुरक्षित नाही. तिथूनच पाणी आत ओढलं जातं. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर पडा आणि मग वळा. न पोहणाऱ्या जोडीदाराला होडीवर लाइफ जॅकेट अंगात नीट बसतंय का हे आधी बघायला लावा, लाज वाटू देऊ नका.

पोहोचणं आणि खोली

सी-प्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान, फक्त उजेडात उडतं. मालेला, म्हणजे मालदीवच्या राजधानीला, दुपारी उशिरा उतरलात तर ती रात्र विमानतळाजवळ काढावी लागेल आणि रिसॉर्टची एक रात्र फुकट जाईल. विमान निवडताना हे आधी बघा. सामानाची मर्यादाही कमी असते. ज्याला होडीत मळमळतं त्याच्यासाठी नैर्ऋत्य वाऱ्याच्या दिवसांत तासाभराच्या स्पीडबोटीची शिक्षा नको, विमानतळापासून जवळचं बेट घ्या. हा शेवटचा टप्पा पुष्कळदा खोलीच्या दरात धरलेला नसतो आणि तो माणशी आकारतात.

पाण्यावरच्या खोलीचा हट्ट सगळ्याच जोडप्यांना असतो. माझं मत असं की दोघांनाही पोहता येत असेल तरच सगळ्या रात्री तिथे घ्या. एकच जण पोहणारा असेल तर दोन रात्री पाण्यावर आणि उरलेल्या वाळूवरच्या खोलीत, अशी विभागणी बरीच रिसॉर्ट करून देतात. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर सहा-साडेसहाच्या आसपास मावळतो आणि अंधारही चटकन पडतो. त्या अर्ध्या तासासाठी लोक पश्चिमेची खोली घेतात आणि दुपारभर ऊन झेलतात. सूर्यास्त किनाऱ्यावर जाऊनही बघता येतो, मी पूर्वेची खोली घेते.

मालदीवमध्ये रिसॉर्टऐवजी वस्तीच्या बेटावर राहायचं असेल तर तिथे दारू मिळत नाही आणि पोहण्याचे कपडे फक्त ठरवून दिलेल्या किनाऱ्यावर चालतात. हे दोघांनाही मनापासून मान्य असेल तर जरूर राहा, माणसांमध्ये राहण्याची मजा वेगळी असते. एकट्या रिसॉर्टवर मात्र बाहेर जेवायला जागाच नसते, त्यामुळे जेवणाचा प्लॅन खोलीबरोबरच ठरवा.

डायव्हिंग करणार असाल तर शेवटची डाइव्ह आणि परतीचं विमान यात किमान १८ तास ठेवा, आणि सी-प्लेनही विमानच आहे. तो शेवटचा दिवस मग दुसऱ्याच्या कागदाप्रमाणे घालवायचा.

दोन-तीन नावं हातात आली की पैसे भरण्याआधी प्रत्येक हॉटेलला ईमेल करा. चारच प्रश्न विचारा: आमच्या तारखांना वारा कुठल्या बाजूने असतो? ओहोटीला खोलीसमोर पोहता येतं का? किनाऱ्यापासून प्रवाळाची कड किती मीटरवर आहे? आमच्या विमानाच्या वेळेला त्याच दिवशी पोहोचता येईल का? जे हॉटेल दिशा, वेळ आणि मीटर सांगून उत्तर देतं त्यांना आपला किनारा माहीत आहे. ज्यांचं उत्तर नुसतं स्वागताच्या शब्दांचं येतं त्यांना एकदा पुन्हा विचारा, आणि तरी आकडे आले नाहीत तर दुसऱ्या नावाकडे वळा.